सांगकाम्याला वाट दाखवताना : लहान मुलांसाठी अल्गोरिदमचे खेळ

मराठीत ‘सांगकाम्या’ हा शब्द कौतुकाने कोणी वापरत नाही. जेवढे सांगितले तेवढेच करणारा, न सांगितलेले स्वतःच्या डोक्याने न ओळखणारा आणि चुकीचे सांगितले तर तेही निमूटपणे पार पाडणारा असा तो इसम असतो. संगणकाचे वर्णन करायला मात्र याहून नेमका शब्द सापडणे कठीण आहे. संगणकाचा वेग अफाट असतो, स्मरणशक्ती दांडगी असते, पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या मनात काय होते याच्याशी त्याला देणेघेणे नसते. कागदावर काय उतरले एवढेच तो पाहतो. लहान मुलांना कोडिंगची ओळख करून द्यायची म्हणजे अशा सांगकाम्याकडून काम कसे करून घ्यावे हे त्यांना खेळता खेळता समजू द्यायचे, आणि त्यासाठी सुरुवातीला संगणक लागतच नाही. खडू, जाड कागदाची दहा-वीस कार्डे आणि थोडी मोकळी जमीन एवढे साहित्य पहिल्या काही महिन्यांना पुरते.

‘अल्गोरिदम’ हा शब्द ऐकायला अवघड असला तरी त्याचा जन्म एका माणसाच्या नावातून झाला आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी नावाचे गणिती होऊन गेले. शून्यासह दहा अंक वापरून आकडेमोड कशी करावी यावरचे त्यांचे लेखन बाराव्या शतकात लॅटिन भाषेत गेले, तेव्हा त्यांच्या नावाचे ‘अल्गोरित्मी’ असे रूप झाले, आणि पुढे त्या रूपावरून अशा पायरीपायरीच्या रीतीलाच अल्गोरिदम म्हणू लागले. हातचा घेऊन बेरीज करण्याची शाळेत शिकवली जाणारी रीत हा या अर्थाने अस्सल अल्गोरिदम आहे. ती करणाऱ्याला ती का चालते हे ठाऊक नसले तरी उत्तर बरोबर येते. पायऱ्यांचा क्रम ठरलेला असणे, प्रत्येक पायरीचा एकच अर्थ निघणे आणि कधीतरी ती रीत संपणे, या तीन गोष्टी असल्या की अल्गोरिदमची व्याख्या मुलांपुरती पूर्ण झाली असे समजावे.

यांपैकी दुसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. माणसांच्या बोलण्यात निम्मा अर्थ ऐकणारा स्वतः भरत असतो. ‘दात घास’ असे म्हटल्यावर ट्यूबचे झाकण आधी उघडायचे आणि ब्रशचा दांडा हातात धरायचा हे कोणी सांगत नाही. हा न सांगितलेला भाग मुलांच्या लक्षात आणून देण्यासाठी चित्राचा खेळ उत्तम आहे. दोन मुले एकमेकांकडे पाठ करून बसतात. एकासमोर साधे चित्र असते, समजा एक मोठा चौकोन, त्यावर त्रिकोण आणि चौकोनाच्या आत एक लहान वर्तुळ. तो शब्दांत सांगतो आणि दुसरा काढतो. ‘चौकोन काढ, वर त्रिकोण काढ, आत गोल काढ’ एवढ्यावर पहिली फेरी आटोपते, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर हशा पिकतो. त्रिकोण चौकोनापासून चार बोटे दूर तरंगत असतो आणि गोल त्रिकोणाच्या आत जाऊन बसलेला असतो. चित्र काढणाऱ्याने काहीही चुकीचे केलेले नसते, कारण ‘वर’ म्हणजे चिकटून वर की अंतर ठेवून वर, आणि ‘आत’ म्हणजे कशाच्या आत, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. दुसऱ्या फेरीत तेच मूल ‘त्रिकोणाची खालची रेघ म्हणजेच चौकोनाची वरची रेघ’ असे सांगू लागते. हे वाक्य त्याला कोणी शिकवलेले नसते; बिघडलेल्या चित्राने ते त्याच्याकडून काढून घेतलेले असते.

घरांचा खेळ

या सर्व खेळांत ज्यावर सर्वाधिक वेळ द्यावा असा खेळ जमिनीवर खडूने आखलेल्या घरांचा आहे. आडवी पाच आणि उभी पाच अशी पंचवीस घरे आखावीत. प्रत्येक घर मुलाचे एक पाऊल आरामात मावेल एवढे असावे. एक मूल सांगकाम्या होते आणि एका कोपऱ्यात उभे राहते, दुसऱ्या एखाद्या घरात ‘खजिना’ म्हणून काहीही ठेवले जाते आणि तिसरे मूल सूचना देते. सूचनांची कार्डे तीनच प्रकारची असतात : ‘पुढे’ म्हणजे तोंड ज्या दिशेला आहे त्या दिशेने एक घर जाणे, ‘उजवीकडे वळ’ म्हणजे जागच्या जागी उजवीकडे तोंड करणे आणि ‘डावीकडे वळ’ म्हणजे जागच्या जागी डावीकडे तोंड करणे.

खेळाचे नियम दोन आहेत आणि त्यांत तडजोड करू नये. पहिला नियम असा की, सांगकाम्याने पहिले पाऊल उचलण्याआधी सर्व कार्डे ओळीने मांडून झालेली असली पाहिजेत. दुसरा नियम असा की, सांगकाम्याने मदत करायची नाही. समोर चूक दिसत असली तरी कार्डावर जे आहे तेच करायचे आणि आखणीच्या बाहेर जायची वेळ आली तर जागेवर थांबायचे. वरवर पाहता पहिला नियम किरकोळ वाटतो, परंतु माझ्या मते लहान वयातील कोडिंगचे सारे सार त्याच्यात आहे. ‘आता पुढे ये, आता वळ, नाही नाही, तिकडे’ असे पाहत पाहत सांगणे कोणालाही जमते, कारण प्रत्येक पावलानंतर डोळे चूक दुरुस्त करत असतात. सगळी वाट आधी मांडायची म्हटले की मुलाला अजून न घडलेला प्रवास डोक्यात चालवून पाहावा लागतो. प्रोग्रॅम लिहिणारा मोठा माणूस वेगळे काही करत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. सांगकाम्या डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात, वरच्या दिशेला तोंड करून उभा आहे. खजिना त्याच्यापासून तीन घरे वर आणि दोन घरे उजवीकडे आहे. योग्य मांडणी अशी : पुढे, पुढे, पुढे, उजवीकडे वळ, पुढे, पुढे. एकूण सहा कार्डे झाली. परंतु बहुतेक मुले पहिल्या प्रयत्नात पुढे, पुढे, पुढे, उजवीकडे, उजवीकडे अशी पाच कार्डे मांडतात. त्यांच्या मनात ‘उजवीकडे’ म्हणजे उजवीकडच्या घरात जाणे असते, आणि तसे दोनदा जायचे असल्याने कार्डही दोनदा ठेवलेले असते. सांगकाम्या मात्र तिसऱ्या घरात पोचून जागच्या जागी दोनदा वळतो आणि जिथून निघाला त्या घराकडे तोंड करून उभा राहतो. खजिना त्याच्या बाजूला तसाच पडून असतो. वळणे आणि सरकणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत हे दहा वेळा समजावून सांगण्यापेक्षा पाठमोऱ्या उभ्या राहिलेल्या सांगकाम्याकडे एकदा पाहिलेले अधिक उपयोगी पडते.

याच ठिकाणी दुसरी अडचणही समोर येते. सांगकाम्या जेव्हा सूचना देणाऱ्याकडे तोंड करून चालत असतो, तेव्हा त्याचा उजवा हात सूचना देणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. दुसऱ्याच्या जागी उभे राहून जग कसे दिसते याची कल्पना करणे लहान मुलांना जड जाते, हे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी डोंगरांची प्रतिकृती मुलांसमोर ठेवून केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या बाहुलीला कोणता डोंगर कुठे दिसेल असे विचारल्यावर लहान मुले स्वतःला जे दिसते तेच सांगत. म्हणून चार-पाच वर्षांच्या मुलांकडून डाव्या-उजव्याची घोकंपट्टी करून घेण्यात अर्थ नाही. त्याऐवजी सूचना देणाऱ्या मुलाने आखणीवर उतरावे, सांगकाम्याच्या मागे उभे राहून त्याच्याबरोबर वळून पाहावे आणि मग परत येऊन कार्ड बदलावे. सांगकाम्याच्या उजव्या मनगटाला लाल रिबन बांधणे आणि कार्डावरचा उजवीकडचा बाणही लाल ठेवणे हा उपाय साधा आहे आणि तो वापरायला कमीपणा मानू नये.

खेळ रुळला की घरांमध्ये अडथळे ठेवावेत. मग एकाच खजिन्याकडे जाणाऱ्या दोन-तीन वाटा निघतात आणि ‘दोघांचेही बरोबर आहे’ ही गणिताच्या तासाला क्वचित ऐकू येणारी गोष्ट ऐकायला मिळते. बरोबर असणाऱ्या दोन वाटांची तुलना कार्डांच्या संख्येने करता येते. वरच्याच उदाहरणात अडथळे नसताना एखादे मूल जिन्यासारखी वाट काढते : एक घर वर, एक उजवीकडे, पुन्हा वर, पुन्हा उजवीकडे, पुन्हा वर. पावले दोन्ही वाटांवर पाचच पडतात, पण जिन्याच्या वाटेवर चार वेळा वळावे लागते, त्यामुळे कार्डे सहाऐवजी नऊ लागतात. घरे तेवढीच असून कार्डे जास्त का लागली, हा प्रश्न मुलांपुढे टाकून शिक्षकाने गप्प बसावे.

उभे असलेले घर मोजायचे का?

घरांच्या खेळात एक चूक एवढ्या नेमाने होते की तिच्यासाठी वेगळी जागा देणे भाग आहे. खजिना तीन घरे दूर असताना काही मुले ‘पुढे’ची चार कार्डे ठेवतात आणि सांगकाम्या खजिना ओलांडून जातो. ही मुले मोजण्यात कच्ची नसतात. सांगकाम्या ज्या घरात उभा आहे ते घरही त्यांनी ‘एक’ म्हणून मोजलेले असते. घरे चार आणि त्यांच्यामधली पावले तीन, असा हा घोळ आहे. पाच खांबांच्या कुंपणात खांबांमधल्या जागा चारच असतात, तोच हा हिशेब. अनुभवी प्रोग्रॅमरही या एकाच्या फरकाने वारंवार फसतात, आणि यादीतला पहिला किंवा शेवटचा घटक वगळला जाण्याच्या अनेक चुकांचे मूळ इथेच असते. त्यामुळे मुलाने ही चूक केली तर ‘नीट मोज’ असे म्हणून ती मिटवून टाकू नये. घरांवर आकडे लिहावेत आणि सांगकाम्याच्या घरावर शून्य लिहून पाहावे. शून्य ही संख्या निघण्याच्या जागेसाठी किती सोयीची असते हे मुलांना तिथे पायाखाली कळते.

सूचनांमधल्या चुकीला कोडिंगच्या भाषेत ‘बग’ म्हणतात, म्हणजे किडा. 9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क 2 या संगणकाच्या एका भागात अडकलेला पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला, ही हकीकत मुलांना फार आवडते. यंत्रातील दोषाला किडा म्हणण्याची पद्धत मात्र त्याआधीपासून होती. त्या दिवशी खराखुरा किडा सापडल्याची गंमत वाटली म्हणून तर तशी नोंद झाली. गोष्ट सांगताना ही पुस्ती जोडली तर ती अधिक मजेदार होते.

किडा शोधण्याची रीतही मुलांना दाखवावी लागते, कारण चूक झाली की सगळी कार्डे गोळा करून पहिल्यापासून सुरुवात करण्याकडे त्यांचा ओढा असतो. सांगकाम्याला पुन्हा आरंभाच्या घरात उभे करावे, एकेक कार्ड वाचून दाखवावे आणि प्रत्येक कार्डानंतर ‘आत्तापर्यंत ठरल्याप्रमाणे चालले आहे का’ असे विचारावे. ज्या कार्डानंतर पहिल्यांदा ‘नाही’ असे उत्तर येते, तिथेच किंवा त्याच्या थोडे आधी किडा लपलेला असतो. तेवढेच कार्ड बदलायचे, बाकीच्यांना हात लावायचा नाही आणि पुन्हा चालवून पाहायचे. मोठ्या माणसांना इथे सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट म्हणजे हात मागे बांधून उभे राहणे. आपल्याला चूक तिसऱ्या कार्डातच दिसलेली असते आणि मूल सातवे कार्ड उलटसुलट करत असते. अशा वेळी कार्ड उचलून योग्य जागी ठेवण्याचा मोह आवरला नाही तर खजिना मिळतो, पण तो मुलाचा राहत नाही.

जमिनीवरचे कासव

शरीराने चालून विचार करण्याची ही कल्पना नवी नाही. पियाजे यांच्याबरोबर जिनिव्हामध्ये काम केलेले गणिती सीमोर पेपर्ट पुढे अमेरिकेत एमआयटी या संस्थेत आले आणि 1967 साली वॉली फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली. थोड्याच वर्षांत तिला एक ‘कासव’ जोडले गेले. जमिनीवर फिरणारे हे यंत्र पोटाखालच्या पेनने कागदावर रेघ ओढत असे, आणि नंतर ते संगणकाच्या पडद्यावरही अवतरले. त्याला ‘पुढे 100’ आणि ‘उजवीकडे 90’ अशा आज्ञा द्यायच्या. कोणती आज्ञा द्यावी हे सुचेनासे झाले तर मुलाने स्वतः कासव होऊन चालून पाहावे, असा पेपर्ट यांचा सल्ला होता.

कासवाकडून त्रिकोण काढून घेण्याचा प्रयत्न हे चुकीतून होणाऱ्या शिक्षणाचे फार सुंदर उदाहरण आहे. सारख्या बाजूंच्या त्रिकोणाचा प्रत्येक कोन 60 अंशांचा असतो हे ज्या मुलांना माहीत असते, ती मोठ्या आत्मविश्वासाने ‘पुढे 100, उजवीकडे 60’ असे तीन वेळा सांगतात. कागदावर उमटतो तो अर्धा षटकोन. कारण कासवाला कोपऱ्यावर आतल्या कोनाएवढे वळायचे नसते. सरळ चालत राहिले असते त्या दिशेपासून किती वळायचे हे त्याला सांगावे लागते, आणि तो कोन 120 अंशांचा आहे. फळ्यावर काढलेल्या त्रिकोणात हा बाहेरचा कोन कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. कोपऱ्यावर स्वतः वळणाऱ्या मुलाच्या खांद्यांना मात्र तो जाणवतो. शिवाय चुकीच्या प्रोग्रॅममध्ये तीनच्या जागी सहा लिहिले तर पूर्ण षटकोन तयार होतो, हा वरचा बोनस.

त्याहून लहान मुलांसाठी काय करता येईल याचा विचार रेडिया पर्लमन यांनी 1970च्या दशकाच्या मध्यात एमआयटीमध्येच केला. पुढे संगणकांच्या जाळ्यासाठी त्यांनी केलेले काम जगभर गाजले, पण त्या काळी त्या अक्षरओळख नसलेल्या मुलांनी कासवाला आज्ञा कशा द्याव्यात या प्रश्नावर काम करत होत्या. त्यांनी खाचा असलेल्या पेट्या बनवल्या. मुलांनी चित्रांची कार्डे खाचांत ओळीने खोवायची आणि कळ दाबायची, की कासव त्या क्रमाने कामे करी. पेट्या वेगवेगळ्या रंगांच्या होत्या, आणि एखाद्या पेटीत दुसऱ्या रंगाचे कार्ड खोवले तर त्या रंगाच्या पेटीतील सगळा क्रम पार पडे. प्रोग्रॅमर ज्याला फंक्शन म्हणतात, म्हणजे सूचनांच्या गठ्ठ्याला नाव देऊन तो पुन्हा पुन्हा वापरण्याची सोय, ती कल्पना एकही अक्षर न वाचता हाताळता येते याचा हा पुरावा होता. आपल्या खडूच्या घरांतही हे सहज करता येते. ‘उजवीकडे वळ, पुढे, डावीकडे वळ’ या तीन कार्डांचा एक संच करून त्याला मुलांनी ‘खेकडा’ असे नाव द्यावे, कारण तो पार पडल्यावर सांगकाम्या तोंड न बदलता एक घर बाजूला सरकलेला असतो. यानंतर मुले जे खेकडे, बेडूक आणि उंदीर तयार करतात त्यांना आवर घालणे कठीण असते.

पुन्हा पुन्हा, आणि जर-तर

सारखेच कार्ड अनेकदा मांडण्याचा कंटाळा हा पुनरावृत्तीच्या, म्हणजे लूपच्या, कल्पनेकडे जाण्याचा नैसर्गिक रस्ता आहे. तो कंटाळा आल्याशिवाय लूप शिकवू नये. चौकोनी फेरी मारून निघाल्या जागी परत यायचे असेल तर ‘पुढे, पुढे, उजवीकडे वळ’ हा तुकडा चारदा, म्हणजे बारा कार्डे मांडावी लागतात. ती मांडून झाल्यावर दोरीचा एक वेढा पहिल्या तीन कार्डांभोवती ठेवावा, वर ‘4 वेळा’ असे लिहावे आणि उरलेली नऊ कार्डे उचलून घ्यावीत. टाळ्यांच्या लयीतही हेच करता येते : टाळी, टाळी, चुटकी हा तुकडा पाच वेळा, आणि शेवटी एकदाच पाय आपटणे. पाय आपटण्याचे कार्ड चुकून दोरीच्या आत गेले तर काय होईल, हे विचारायला विसरू नये, कारण लूपच्या आत काय आणि बाहेर काय ही पुढे कायम लागणारी समज आहे.

अटींचा खेळ सोपा दिसतो, पण त्यात एक मोठा सापळा आहे. रंगीत कार्डांवर आकडे लिहून नियम सांगावा : ‘कार्ड लाल असेल तर टाळी वाजवा, नाहीतर उडी मारा.’ हे सर्वांना जमते. मग दुसरा नियम आणावा : ‘कार्ड लाल असेल तर टाळी वाजवा. आकडा 5 पेक्षा मोठा असेल तर उडी मारा.’ आणि लाल रंगाचे 7 दाखवावे. अर्धी मुले टाळी वाजवून थांबतात, अर्धी टाळी वाजवून उडीही मारतात, आणि निळे 3 आले की कोणी काहीच करत नाही. कोणाचे बरोबर यावर वाद होऊ द्यावा. दोन स्वतंत्र अटी असतील तर दोन्ही तपासायच्या असतात, ‘नाहीतर’ हा शब्द आला की एकच वाट उरते, आणि कोणतीही अट लागू न होण्याची शक्यताही आधीच धरून चालावी लागते, या तीन गोष्टी त्या वादातूनच बाहेर येतात.

शोधणे आणि क्रम लावणे

सात-आठ वर्षांच्या पुढील मुलांना अल्गोरिदमची हुशारी दाखवायची असेल तर संख्या ओळखण्याचा खेळ घ्यावा. एकाने 1 ते 100 यांतील संख्या मनात धरायची आणि इतरांनी अंदाज सांगायचे. त्यावर ‘माझी संख्या मोठी आहे’, ‘लहान आहे’ किंवा ‘हीच’ एवढेच उत्तर द्यायचे. सुरुवातीला मुले 37, 82 अशा आवडत्या संख्या फेकतात. कोणीतरी 50 विचारते, आणि एका उत्तरात निम्म्या संख्या बाद होतात हे हळूहळू लक्षात येते. प्रत्येक वेळी उरलेल्यांच्या मधोमध बोट ठेवले तर 100 पर्यंतची कोणतीही संख्या जास्तीत जास्त 7 अंदाजांत सापडते. आता मुलांना विचारावे की 1000 पर्यंतच्या संख्येसाठी किती अंदाज लागतील. दहापट संख्यांसाठी दहापट म्हणजे 70 असे उत्तर बहुधा येते. खरे उत्तर 10 आहे, आणि दहा लाखांपर्यंतच्या संख्येसाठी 20. या आकड्यांवर मुलांचा विश्वास बसत नाही, म्हणून 1000चा खेळ प्रत्यक्ष खेळूनच दाखवावा लागतो.

क्रम लावण्याचा माझा आवडता खेळ न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाचे टिम बेल आणि त्यांचे सहकारी यांनी 1990च्या दशकात सुरू केलेल्या ‘सीएस अनप्लग्ड’ या उपक्रमाने प्रसिद्ध केला. संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याचे अनेक खेळ त्यात आहेत. त्यांपैकी हा खेळ सहा मुलांचा आहे, पण तो समजावून घेण्यासाठी चार मुलांचे लहान रूप पुरेसे आहे. जमिनीवर वाटा आणि चौक आखलेले असतात. चार मुले हातात एकेक संख्या घेऊन एका टोकाला उभी राहतात. प्रत्येक चौकात दोन मुले भेटतात, संख्यांची तुलना करतात, लहान संख्या असलेले मूल डावीकडच्या वाटेने जाते आणि मोठी संख्या असलेले उजवीकडच्या. आधी दोन जोड्यांची एकाच वेळी तुलना होते. मग त्या जोड्यांतले दोन लहान एकमेकांना भेटतात आणि दोन मोठे एकमेकांना. दोन लहानांतले जे लहान ते चौघांत सर्वांत लहान ठरते, दोन मोठ्यांतले जे मोठे ते सर्वांत मोठे ठरते, आणि त्या दोघांच्या जागा पक्क्या होतात. उरलेल्या दोघांची एकदा तुलना केली की काम संपले. एकूण तुलना पाच, आणि काही एकाच वेळी होत असल्याने टप्पे तीनच. मुलांना सुरुवातीला कसेही उभे केले, म्हणजे 24 पैकी कोणत्याही क्रमाने, तरी पलीकडच्या टोकाला ती ओळीतच बाहेर पडतात. एकाही मुलाला संपूर्ण ओळ दिसत नव्हती, प्रत्येकाने फक्त समोरच्याशी तुलना केली आणि तरीही ओळ लागली, याचे आश्चर्य मोठ्यांनाही वाटते.

पडदा कधी आणावा

जमिनीवरचे खेळ अंगवळणी पडल्यावर पडद्याकडे जायला हरकत नाही. मधला टप्पा म्हणून जमिनीवर चालणारे लहान यंत्र वापरता येते. ‘बी-बॉट’ हे मधमाशीच्या आकाराचे खेळणे पाठीवरची बटणे दाबून ठरवलेला क्रम लक्षात ठेवते आणि एका आज्ञेला 15 सेंटिमीटर सरकते, त्यामुळे त्या मापाची घरे कागदावर आखून तोच खेळ पुढे चालू राहतो. सुमारे 5 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी 2014 मध्ये आलेल्या ‘स्क्रॅच ज्युनिअर’ या अ‍ॅपमध्ये वाचता न येणारे मूलही आज्ञांचे चित्ररूप ठोकळे जोडून पडद्यावरची पात्रे हलवू शकते. आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी ‘स्क्रॅच’ आहे. मिचेल रेझनिक यांच्या एमआयटीतील गटाने ते 2007 मध्ये सर्वांसाठी खुले केले. त्यातले ठोकळे एकमेकांत बसतील असेच कापलेले असतात, त्यामुळे स्वल्पविराम चुकला म्हणून प्रोग्रॅम बंद पडण्याचा जाच नसतो आणि सगळे लक्ष विचारातल्या चुकीकडे देता येते.

पडद्याचा एक तोटा मात्र सांगितला पाहिजे. तिथे प्रोग्रॅम चालवून पाहायला क्षणही लागत नाही, म्हणून मूल एक ठोकळा जोडते, चालवते, दुसरा जोडते, पुन्हा चालवते, आणि आधी संपूर्ण वाट मांडण्याचा जो नियम आपण एवढ्या हट्टाने पाळला तो गळून पडतो. चित्र हलते, पण विचार होतोच असे नाही. केवळ कोडिंग केल्याने मुलांची एकूण विचारशक्ती आपोआप वाढते, हा दावाही सावधपणेच ऐकावा. 1980च्या दशकात न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधील रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी वर्षभर लोगो शिकलेल्या मुलांना वर्गातील कामांचे नियोजन करायला सांगितले, तेव्हा ती मुले लोगो न शिकलेल्यांपेक्षा सरस ठरली नाहीत. खेळात शिकलेली रीत दुसऱ्या कामाला लावायची असेल तर ते नाते मुलांसमोर मुद्दाम उघड करून दाखवावे लागते.

मुलाला खरोखर काय समजले आहे हे पाहण्यासाठी त्याने खजिना किती वेळा गाठला ते मोजून फारसे हाती लागत नाही, कारण धडपडत केलेले अनेक प्रयत्नही शेवटी खजिन्यापर्यंत पोचतात. त्यापेक्षा दुसऱ्या मुलाने मांडलेली कार्डे त्याच्यापुढे ठेवावीत, सांगकाम्याला हलू देऊ नये आणि तो कुठे पोचेल त्या घरावर बोट ठेवायला सांगावे; तिथे पोचल्यावर त्याचे तोंड कोणत्या दिशेला असेल तेही विचारावे. मग सांगकाम्याने चालावे. बोट एका घरावर आणि सांगकाम्या शेजारच्या घरात असे झाले, तर कार्डे वाचणारा चुकला की कार्डांप्रमाणे चालणारा, हे ठरवण्यासाठी दोघांनाही पहिल्या कार्डापाशी परत यावे लागते.